अक्षता पडताना चित्र का फुटतं?

चिखलीतल्या एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत दोन टीव्ही शेजारी शेजारी मांडलेले होते. डावीकडे जुना, मोठ्या पाठीचा पिक्चर ट्यूबचा, उजवीकडे एलईडी. दोन्हींवर एकच लग्न चाललेलं, नव्वदच्या दशकातलं. डावीकडे त्या लग्नाची कॅसेट आणि उजवीकडे तिच्यावरून पंधराएक वर्षांपूर्वी करून घेतलेली डीव्हीडी. अंतरपाटाच्या दोन बाजूंना नवरा-नवरी, मागे मामा, भटजींचा हात वर. तोवर दोन्हीकडे साधारण सारखंच दिसत होतं. मग ‘सावधान’ झालं, अंतरपाट खाली आला आणि मांडवभर अक्षता उडाल्या.

उजवीकडचं चित्र त्या क्षणी फुटलं. नवरीचं तोंड पाच-सहा चौकोनांचं झालं, मामाचा फेटा तिच्या खांद्यात मिसळला आणि मागची माणसं म्हणजे नुसते तपकिरी ठोकळे. दोन-तीन सेकंदांनी सगळं पुन्हा जागेवर आलं, तेव्हा हार घालून झालेले होते. डावीकडे चित्राला मुंग्या होत्या, शालूचा लाल रंग पसरलेला होता. पण नवरी मान वर करून बघते, हसू दाबते, ते सगळं दिसलं. आता त्या नवरीच्या लेकीचं लग्न ठरलंय आणि लेकीला आईच्या लग्नातला नेमका तेवढा भाग हवा आहे. घरच्यांनी कॅसेट फेकली नव्हती म्हणून हे काम पुन्हा करता येत होतं.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘घरातला ठेवा’ असा विषय दिला, तेव्हा जुनी भांडी, पत्रं, दागिने यांवर बरेच जण लिहितील हे उघड होतं. मी कॅसेटींच्या मागे लागलो. बुलडाणा जिल्ह्यात घाटावर चिखली-मेहकर आणि घाटाखाली खामगाव-शेगाव-मलकापूर, जिथे जाल तिथे हे काम करणारा एखादा तरी स्टुडिओ अजून सापडतो. बहुतेकांच्या पाटीवर करिझ्मा अल्बम, ड्रोन शूटिंग, प्री-वेडिंग असं सगळं असतं. व्हीएचएसचा उल्लेख नसतो. विचारलं की मात्र टेबलाखालून व्हीसीआर निघतो.

या मंडळींचं काम बघितल्यावर माझं मत पक्कं झालं. डीव्हीडी करताना चित्र ‘सुधारतं’ हा गैरसमज आहे. कॅसेटवर जे आहे त्यातलं किती वाचवायचं, एवढंच आपल्या हातात असतं. आणि आपल्याकडे ते बहुतेकदा गेलं आहे ते मशिनच्या दोषानं नव्हे, एका डिस्कचे पैसे वाचवण्याच्या नादात.

पंगत मोठी, स्वयंपाक तेवढाच

लग्नाच्या कॅसेटी साधारण तीन तासांच्या. १८० मिनिटांची व्हीएचएस हीच बाजारात सर्रास मिळायची. हळद, सीमांतपूजन, लग्न, पंगत, वरात, बिदाई धरून दोन कॅसेटी सहज व्हायच्या. गिऱ्हाईक दुकानात येऊन एकच सांगायचं, ‘भाऊ, सगळं एकाच सीडीत बसवा.’ दुकानदारही बसवून द्यायचा.

साध्या एकेरी डीव्हीडीत ४.७ जीबी माहिती मावते. एका तासाचं चित्रण असेल तर सेकंदाला ९-१० मेगाबिट वाट्याला येतात, म्हणजे डीव्हीडीच्या नियमात चित्राला जास्तीत जास्त जेवढे देता येतात (९.८) जवळपास तेवढे. दोन तास टाकले की सव्वापाचच्या आत. तीन तासांना साडेतीन, आणि दोन्ही कॅसेटी मिळून सहा तास कोंबले तर पावणेदोनही उरत नाहीत. शंभर पानांचा स्वयंपाक करून तीनशेंची पंगत बसवली, तर वाढप्यानं कितीही हात आखडला तरी शेवटच्या ओळीला काय मिळणार?

डीव्हीडीतलं चित्र एमपीईजी-२ पद्धतीनं दाबलेलं असतं. प्रत्येक चौकट पूर्ण साठवत नाहीत. साधारण बारा चौकटींत एक पूर्ण ठेवतात, बाकीच्यांत ‘मागच्यापेक्षा काय हललं’ एवढंच लिहितात. भटजी पाटावर बसून मंत्र म्हणताहेत, हलतोय फक्त हात, तेव्हा हे काम स्वस्तात होतं. अक्षता उडाल्या की हिशोब कोलमडतो. हजारो पांढरे-पिवळे ठिपके, प्रत्येक वेगळ्या दिशेनं जाणारा, आणि पुढच्या चौकटीत त्यातला एकही आधीच्या जागी नाही. मागच्या चौकटीतून उसनं घेण्यासारखं काही उरत नाही. एन्कोडरकडे, म्हणजे चित्र दाबणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, बिट संपले की तो ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकोनांतला बारकावा टाकून देतो आणि नुसता सरासरी रंग ठेवतो. नवरीच्या तोंडाचे ठोकळे होतात ते असे. वरातीतला गुलाल, बँडपुढची नाचणारी पोरं आणि त्यांच्याबरोबर नाचणारा कॅमेरा यांचंही तेच.

यावर उपाय आहे आणि तो फुकटातला आहे: दोन फेऱ्यांत एन्कोड करायचं. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर सगळं चित्रण नुसतं बघून घेतं, कुठे शांत आहे, कुठे धुमाकूळ आहे. दुसऱ्या फेरीत शांत भागातले बिट काढून अक्षतांना देतं. वेळ मात्र दुप्पट लागतो. खामगावच्या एका जुन्या मिक्सिंगवाल्यांनी सांगितलं की भारनियमनाच्या वर्षांत दुप्पट वेळ ही चैन परवडत नसे. रात्री एन्कोडला लावायचं, पहाटे लाइट जायची, इन्व्हर्टर दम तोडायचा, सकाळी पुन्हा शून्यापासून. मग एकाच फेरीत, ठरावीक बिटवर उरकायचं. आज ती अडचण नाही, तरी सॉफ्टवेअरमधलं जुनं सेटिंग तसंच राहिलेलं अनेक दुकानांत दिसतं.

आवाजाचं गणित तर कुणी बघतच नाही. न दाबलेला पीसीएम आवाज सेकंदाला दीड मेगाबिट खातो. तीन तासांच्या डिस्कवर एकूण मिळणार साडेतीन. त्यातले दीड सनई-चौघड्याला गेले की चित्राला दोनच उरले. तोच आवाज डॉल्बीच्या एसी-३ पद्धतीनं १९२ किलोबिटमध्ये ठेवला तर व्हीएचएसवरच्या घुमणाऱ्या माइकच्या आवाजात कानाला फरक कळत नाही, आणि चित्राला सव्वातीन मिळतात.

तीन तास एकाच डिस्कवर घालणं भागच असेल, तर आणखी एक वाट आहे. डीव्हीडीचं पूर्ण चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं. व्हीएचएसमध्ये आडवा बारकावा जेमतेम २४० ओळींचा. ७२० ठिपक्यांत भरायला तिच्याकडे ऐवजच नसतो. डीव्हीडीच्या नियमात ३५२ बाय ५७६ हाही आकार बसतो. रुंदी निम्मी केली की प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला दुप्पट बिट येतात, आणि कॅसेटवरच्या चित्राचं फारसं काही जात नाही. हे ऐकून दुकानदार आधी दचकतात. एकाच दोन मिनिटांच्या वरातीच्या दोन डिस्क करून दाखवल्या की मान डोलावतात.

कॅसेट नीट वाजली पाहिजे

संगणकाला हात लावण्याआधीच निम्मी लढाई झालेली असते. व्हीसीआरमधलं ड्रम आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत सेकंदाला २५ फेऱ्या घेतं. त्यावरचे दोन बारीक हेड टेपवरून तिरके फिरतात, आणि टेप स्वतः सेकंदाला सव्वादोन सेंटिमीटरच्या आसपास सरकते. त्या हेडवर धुळीचा कण बसला तरी चित्रावर पांढऱ्या रेघा येतात. पूर्वी कोरी करकरीत नोट घेऊन हेड पुसण्याचा उद्योग घरोघरी चालायचा. कृपा करून तो करू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं किंचित ओलं केलेलं, सुतं न सुटणारं कापड ड्रमला स्थिर टेकवायचं आणि दुसऱ्या हातानं ड्रम सावकाश फिरवायचं. कापड वर-खाली घासलं की हेड तुटलंच.

वीस वर्षं न लागलेली कॅसेट थेट लावायची नाही. एकदा शेवटपर्यंत पुढे, मग मागे करायची, म्हणजे चिकटलेले थर सुटतात. खिडकीतून आत टेपच्या कडेला पांढरी पावडर दिसली तर ती बुरशी आहे. तशी कॅसेट लावली तर हेड तर घाण होतंच, पुढच्या गिऱ्हाइकाच्या कॅसेटलाही लागण होते. कोकणापेक्षा आपली हवा कोरडी म्हणून बुरशीचं प्रमाण कमी, पण आपल्याकडे दुसरा शत्रू आहे. घाटाखालच्या गावांत मे महिन्यात पारा ४२-४४च्या घरात जातो, आणि कॅसेटी असतात पत्र्याच्या घरात माळ्यावर, लोखंडी पेटीत, जुन्या साड्यांच्या घडीत. उष्णतेनं टेप ताणली जाते, कवच वाकतं.

ताणलेल्या टेपची खूण चित्रात लगेच सापडते. मांडवाचे खांब बघायचे. सरळ उभे बांबू वाऱ्यावर हलल्यासारखे लाटा मारत असतील, तर प्रत्येक ओळ आपल्या ठरल्या वेळी सुरू होत नाहीये. टीव्ही ते खपवून घेतो, चित्र संगणकात उतरवून घेणारं कॅप्चर कार्ड घेत नाही. ते चौकटी गाळतं, आणि गाळलेल्या चौकटींमुळे अर्ध्या तासानं भटजींचे ओठ एकीकडे नि आवाज दुसरीकडे. बाजारात स्वस्तातला यूएसबी डोंगल मिळतो, त्यावर हा प्रकार हमखास होतो. ओळींच्या वेळा सरळ करणारं टाइम बेस करेक्टर हे यंत्र महागडं. काही चांगल्या एस-व्हीएचएस व्हीसीआरमध्ये ते आतच असायचं. जाणकार जुगाड करतात. पॅनासॉनिकचा ईएस-१० किंवा ईएस-१५ हा जुना डीव्हीडी रेकॉर्डर व्हीसीआर आणि संगणकाच्या मध्ये जोडायचा, त्यावर रेकॉर्ड काही करायचं नाही, नुसतं चित्र त्याच्यातून पुढे जाऊ द्यायचं. खांब सरळ होतात.

एक गोष्ट मात्र कशानंच भरून निघत नाही. घरातली कॅसेट ही मूळ नसते. पॅनासॉनिक एम-९००० सारख्या खांद्यावरच्या कॅमेऱ्यानं शूटिंग व्हायचं, ती मास्टर कॅसेट मिक्सिंगला अकोल्याला, जळगावला नाहीतर औरंगाबादला जायची, तिथे बदामाच्या आकारात नवरा-नवरीचे फोटो फिरवून आणि मागे सिनेमाची गाणी टाकून दुसऱ्या कॅसेटवर उतरवायचे, आणि घरी यायची तिचीही प्रत. दर प्रतीला बारकावा कमी होतो, मुंग्या वाढतात, रंग किंचित खाली नि उजवीकडे सरकतो. मास्टरवर शूटिंगवाला पुढच्या सिझनला दुसरं लग्न घ्यायचा. कॅसेट महाग होती, त्याचाही इलाज नव्हता. म्हणून एकाच लग्नाच्या दोन प्रती असतील, एक सासरी, एक माहेरी, तर दोन्ही मागवून बघाव्यात. कमी वेळा वाजलेली बहुतेक वेळा माहेरची निघते, असं हे दुकानदार हसत सांगतात.

सम ओळी, विषम ओळी

मेहकरच्या एका तरुण एडिटरकडे एक तक्रार आलेली होती. चित्र स्वच्छ, ठोकळे नाहीत, पण वरातीतला घोडा चालताना पुढे-मागे थरथरतो. कारण आपल्या जुन्या टीव्ही पद्धतीत दडलेलं आहे. एका सेकंदात २५ चौकटी, पण प्रत्येक चौकट दोन अर्ध्या भागांत: आधी एका आड एक ओळी, मग मधल्या राहिलेल्या. म्हणजे डोळ्यापुढे सेकंदाला ५० अर्धी चित्रं. कोणता अर्धा भाग आधी, हे सगळीकडे सारखं नसतं. मिनी डीव्ही कॅमेऱ्याच्या चित्रणात खालचा आधी येतो, बऱ्याच कॅप्चर कार्डांत वरचा. प्रोजेक्टमध्ये एक आणि एन्कोडरमध्ये दुसरा निवडला की घोडा एक पाऊल पुढे, अर्धं मागे. सेटिंगमधली एक खूण बदलायची, एवढंच औषध.

त्याहून वाईट चूक म्हणजे सॉफ्टवेअर उघडल्यावर जे पुढ्यात येईल ते तसंच ठेवणं. बरीच सॉफ्टवेअर अमेरिकेच्या एनटीएससी मापानं उघडतात: ७२० बाय ४८०, सेकंदाला २९.९७ चौकटी. आपल्या ५७६ ओळी त्यात कोंबल्या की ९६ ओळी गेल्या आणि हालचालीत गचके आले. अमेरिकेतल्या भाचीला डिस्क पाठवायची असेल, तिचा प्लेअर पाल घेत नसेल, तर तिच्यापुरती वेगळी करा. घरची पालमध्येच राहू द्या.

आणि डीव्हीडीसाठी त्या अर्ध्या-अर्ध्या ओळी मिटवायच्या नाहीत. त्या मिटवणं, म्हणजे डीइंटरलेस करणं, हे मोबाइलवर पाठवायच्या फाइलसाठीचं काम. तिथेही २५ऐवजी ५० चौकटींची फाइल करावी, म्हणजे डफड्याच्या तालावरचे पाय तसेच चपळ राहतात.

चित्राच्या तळाशी थरथरणारी एक पट्टी दिसते, तिची तक्रार हल्ली फार येते. ती कॅसेटवर पहिल्यापासून होती. हेड बदलण्याच्या जागेची खूण आहे ती. पिक्चर ट्यूबचा टीव्ही कडा झाकायचा म्हणून दिसली नाही. ती कापून चित्र मोठं करायला जाल तर ओळी विस्कटतील. त्यावर काळी पट्टी टाकली की झालं.

टोपीचा पांढरा

आपल्या लग्नांत रंगाचा सगळ्यात मोठा घोटाळा करतो तो मांडव. लाल-पिवळ्या कापडातून दुपारचं ऊन गाळून येतं आणि खालची माणसं हळद न लावताच पिवळी होतात. संध्याकाळच्या विधींना हॅलोजन. तो धरणारा पोरगा कंटाळला की उजेड नवरीच्या तोंडावरून पाटावर. व्हाइट बॅलन्स सकाळी एकदा केला तर केला.

हे सावरताना एडिटर चित्रात काहीतरी खात्रीचं पांढरं शोधतो, त्यावर टिचकी मारतो आणि बाकीचे रंग त्या हिशोबानं हलवतो. आपल्याकडे ती सोय आयतीच आहे. पहिल्या रांगेत बसलेल्या आजोबांची गांधी टोपी. चिखलीच्या त्या स्टुडिओत मी बघितलं, टोपीवर टिचकी मारल्याबरोबर नवरीच्या गालावरचा काविळीसारखा पिवळेपणा ओसरला आणि शालू केशरीचा लाल झाला. पण टोपीला नीळ जास्त झालेली असेल तर सगळं लग्न तांबूस दिसू लागतं, म्हणून धोतर, मुंडावळ्या, भिंतीचा चुना असं आणखी काही ताडून बघावं लागतं.

व्हीएचएसमध्ये रंगाची नोंद उजेडापेक्षा कितीतरी ढोबळ असते. म्हणून लाल शालू आपल्या काठाबाहेर सांडतो, कुंकू कपाळावर पसरतं. रंगाचा थर दोन-चार ठिपके डावीकडे-वर सरकवला की तो बराचसा जागेवर बसतो. पूर्ण कधीच नाही.

पांढऱ्याचं आणखी एक दुखणं शेगावच्या पालखीच्या चित्रणात बघायला मिळतं. गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परत येते, तेव्हा खामगाव ते शेगाव चालणाऱ्यांची रीघ लागते आणि त्या वाटेवरच्या घरांतून हौशी कॅमेऱ्यांनी टिपलेल्या कॅसेटी बऱ्याच आहेत. उन्हातले पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या. कॅप्चर करतानाच पांढऱ्याची पातळी कमी केली नाही, तर सदऱ्याच्या चुण्या कायमच्या जातात. सगळ्यांच्या अंगावर कागद चिकटवल्यासारखे दिसतात. कॅसेटवर त्या चुण्या असतात. संगणकात आल्यावर एकदा कापल्या गेल्या की मागाहून ब्राइटनेस कमी करून फक्त करडा कागद मिळतो.

‘एचडी’चा मोह

आता दुकानांत नवी मागणी आहे, ‘एआयनं एचडी करून द्या.’ करता येतं. मी एक नमुना बघितला. पंगतीत वाढणाऱ्या एका म्हातारीचा चेहरा मूळ चित्रात मोजक्या ठिपक्यांचा होता. सॉफ्टवेअरनं त्याला भुवया दिल्या, ओठांची कड दिली, कातडी गुळगुळीत केली. चेहरा सुंदर होता. घरच्यांनी ओळखला नाही. जे ठिपके कॅसेटवर नव्हतेच ते यंत्र अंदाजानं भरतं, आणि त्याचा अंदाज कुणाच्या आजीला बघून केलेला नसतो. हौस म्हणून वेगळी प्रत करा, ठेव्याची मूळ प्रत तशी करू नका.

मुंग्या कमी करण्याचं साधं फिल्टर मात्र जरूर वापरावं, तेही हलक्या हातानं. प्रत्येक मुंगी ही एन्कोडरच्या लेखी अक्षताच असते. ती कमी केली की वाचलेले बिट चेहऱ्यांना मिळतात. हात जड पडला की सुरकुत्या पुसल्या जातात आणि माणसं मेणाची होतात.

राइट करणं हे शेवटचं काम

डिस्क ४एक्सवर राइट केली की चित्र चांगलं येतं, अशी एक ठाम समजूत आहे. चित्राचं जे व्हायचं ते एन्कोड करताना होऊन गेलेलं असतं. वेगानं त्यात बिटाचाही फरक पडत नाही. डिस्क वाचताना अडखळू नये म्हणून १६एक्सची डिस्क ८एक्सवर करणं आणि राइट झाल्यावर व्हेरिफाय करणं हे शहाणपणाचं, एवढाच त्याचा अर्थ. नवरा-नवरीचा फोटो छापलेलं स्टिकर डिस्कवर चिकटवू नये. तोल जातो, कडा सुटते आणि ते प्लेअरमध्ये अडकतं. राइट केलेल्या डिस्कमधला रंगद्रव्याचा थर उन्हानं आणि उष्णतेनं खराब होतो, तेव्हा माळ्यावरचा पत्रा तिलाही सोसणारा नाही.

शिवाय आता प्लेअर तरी किती घरांत आहेत? म्हणून डिस्कबरोबर फाइलही मागा, आणि ती डीव्हीडीवरून उलटी काढलेली नको, कॅप्चर केलेली मोठी फाइल हवी. डीव्ही पद्धतीत तासाला १३ जीबी लागतात. आजच्या हार्ड डिस्कला ते काहीच नाही. ती दोन ठिकाणी ठेवा, एक घरी, एक मुलाकडे पुण्याला.

घाई करायला कारण आहे. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, २०१६च्या जुलैत थांबली. युनेस्कोनं २०१९मध्ये ध्वनी-चित्र संग्रहपालांच्या जागतिक संघटनेबरोबर चुंबकीय टेपसाठी धोक्याची सूचना दिली, ती हीच: टेप शिल्लक राहतील, त्या वाजवणारी यंत्रं राहणार नाहीत. सोनीनं २०२५च्या फेब्रुवारीत मिनी डीव्ही कॅसेटीही बंद केल्या. जिल्ह्यातल्या स्टुडिओंमधले चालू व्हीसीआर दुसऱ्या बंद व्हीसीआरचे पार्ट काढून चालताहेत.

तेव्हा दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरची पेटी खाली आली असेल तर ती तशीच परत चढवू नका. कॅसेटी उभ्या ठेवा, स्पीकरपासून लांब, आणि पुढचा उन्हाळा लागायच्या आत दुकानात न्या. काम झाल्यावर त्या परत आणा, टाकू नका. दुकानदाराला विचारायचा प्रश्न एकच आहे: एका डिस्कवर किती तास घालणार? दोनपेक्षा जास्त म्हणाला, तर दुसऱ्या डिस्कचे पैसे द्या.